शंभूला सांगायचं वाक्य

बसा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी मी उभीच राहिले.

"मांय, बसा ना. लोक बघतत," सून सुमंगला कानाशी पुटपुटली.

"बघूंदेत. मी हंय पाहुणी म्हणून येवूक नाय."

पणजीतली ती पोर्तुगालची कचेरी. त्यांच्या राज्यात माझे यजमान गोकुळदास पेडण्याच्या चौकीत मार खाऊन आले, तेव्हापासून त्यांचा एक कान गेला. गोवा मुक्त झाल्यावर ताम्रपट मिळाला, कान मिळाला नाही. आणि त्यांचाच नातू, माझा शंभू, आजोबांच्या त्या काळातल्या जन्मदाखल्यावरून पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लिस्बनला गेला. तिथे हॉटेलात बश्या धुतो. तो गेल्यापासून मी त्याच्याशी फोनवर बोलले नव्हते. चुकलं असं मला आजही वाटत नाही.

लिस्बनहून तो मित्रांबरोबर तिसऱ्याच एका देशात, गाण्याबजावण्याच्या मोठ्या उत्सवाला गेला. जाताना त्याच्या आईने, सुमंगलेने, बजावलं होतं, परका मुलूख, गर्दीच्या मधोमध उभा राहू नको, कोणी दिलेलं पिऊ नको, पासपोर्ट अंगावेगळा करू नको. पोराने सगळं पाळलं. पण मंचावरच्या गायकाने तिथल्या तुरुंगातल्या माणसांची नावं घेतली, लोकांनी ती त्याच्यामागून म्हटली, आणि पोलिसांनी मैदानाची दारं लावून घेतली. शंभू आत सापडला. आपल्या सरकारने सांगितलं, पासपोर्ट आपला नाही, आपल्याला विचारता येत नाही. मग राहिले हे पोर्तुगालवालेच.

मेजापलीकडे त्यांची अधिकारी बसली होती, माझ्या नातीच्या वयाची गोरी पोर. तिचं बोलणं आम्हाला समजावून सांगायला कमलाक्षी होती, डिचोलीची.

"आजी, आयका. हेंच्या मंत्र्यान थंयच्या मंत्र्याकडे विषय काढल्यान. एक भेट मेळली, फाल्यां. मधी काच आसतली. पण थंयच्या कोर्टान दिलेलो वकील सांगता, शंभू कोणाकडेच तोंड उघडणा नाय."

"कित्याक?"

"आदी एक माणूस इलो, वकिलातीचो म्हणान सांगल्यान आणि शंभूकडसून दोस्तांची नावां काढून घेतल्यान. तो पोलिसांचो निघालो. ते दोस्त आता भितर आसत. तेच्यामुळे शंभू आता कोणाचोच विश्वास धरणा नाय. आणि तेणा स्वतः 'माका तुमची मदत होयी' म्हणूक नाय, तर थंयचा सरकार म्हणतला, ह्यो तुमचो माणूस नाय."

"मगे?"

"मगे कोर्ट. वर्सां जातली."

म्हणजे काचेपुढे येणारा माणूस खरंच घरच्यांनी पाठवलाय, हे शंभूला पटेल अशी काहीतरी खूण हवी होती. सुमंगला भराभर सांगू लागली. घरच्या कुत्र्याचं नाव, शंभूचं पाळण्यातलं नाव, तो विहिरीत पडला होता ती गोष्ट. गोऱ्या पोरीने प्रत्येक वेळी एकच विचारलं, हे फोनवर कधी लिहिलं होतं का? फोन पोलिसांकडे होता. सुमंगलेने तोंडावर पदर घेतला.

"सगळां लिवलंय मांय. रोज लिवतंय मी तेका."

फोनात नव्हते ते एकट्या माझे शब्द.

निघताना शंभू माझ्या पाया पडायला वाकला होता. मी पाय मागे घेतले आणि एकच वाक्य बोलले. त्याने ऐकलं, दुसऱ्या कोणी नाही.

"कमलाक्षी, सांग हिका," मी म्हटलं. "ज्यांनी तुझ्या आज्याचो कान फोडल्यानी, तेंच्यो बश्यो धुवूक चललंस."

कमलाक्षी माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, ह्या मी हिका कसां सांगू?"

"आसा तसां. गोड करू नको."

तिने सांगितलं. त्या पोरीची मान लाल झाली. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर त्या देशातल्या त्यांच्या वकिलातीतला एक दाढीवाला माणूस आला. उद्या काचेपुढे तोच उभा राहणार होता. आत कागद नेऊ देत नाहीत, म्हणून वाक्य तोंडपाठ करायचं होतं.

मी खुर्ची ओढली आणि बसले.

त्याची जीभ 'फोडल्यानी'वर अडखळायची. मी परत म्हणायला लावत होते.

"असां रडत म्हणू नको. मी रागान सांगल्लंय. आवाज चढव." मग कमलाक्षीला विचारलं, "हेका अर्थ कळलो मां?"

तिने विचारलं. त्याने मान हलवली आणि ते वाक्य माझ्याकडे बघून म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली नाही. फोन सुमंगलेच्या मांडीवर होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी तिला दोनदा ओरडले, बघून काय तो लवकर वाजतलो? वाजला तेव्हा तिच्याच्याने उचलवेना. मी उचलला.

"आजी," कमलाक्षी म्हणाली, "वाक्य आयकून तेणा काचेक कपाळ टेकल्यान. खूप वेळ. मगे विचारल्यान, आजी बरी आसा? आणि मदत होयी म्हणान सांगल्यान."

मी फोन सुमंगलेच्या कानाला लावला.

त्यांच्या मंत्र्याच्या शब्दावर त्याला सोडलं, पण लिस्बनला पाठवलं. खटला मिटेपर्यंत तिथून कुठे जायचं नाही, म्हणजे चवथीला गणपतीसाठी येणार नाही. पुढच्या चवथीला तरी येईल की नाही, कोणी सांगत नाही. आता त्याचं गाव तेच, असं त्या कचेरीतली पोर म्हणाली. वाईट बोलली नाही, पण तसं म्हणाली.

त्याला पाठवायला मी कोकमाची सोलं काढली, चांगली काळी तेवढी निवडली. सुमंगला पिशवी धरून समोर बसली होती. त्या देशाबद्दल मी आजवर कोणाला काही विचारलं नव्हतं.

"थंय थंडी खंयच्या म्हयन्यात पडता गे?"

तिलाही माहीत नव्हतं.