‘जरूर पाहा’ म्हणणारा फळा

"काय रे फळ्या, तू कधी खोटं बोललास का?"

हा प्रश्न मला विचारायची पैज आमच्या थिएटरातल्या ठिणगीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. थिएटरच्या दारात कमरेवर हात ठेवून ती ओरडली आणि मैत्रिणी खिदळल्या. मी गप्प. मला तोंड नाही, मित्रांनो. कुणी लिहील तेच माझं बोलणं!

मी एक जुना फळा आहे. त्याआधी मी कपाटाचं दार होतो. ठिणगीचे आजोबा या थिएटरचे दारवान. त्यांनी मला काळा रंग दिला, तिकीटखिडकीशेजारी टांगलं आणि एक रीत घातली. नवा सिनेमा लागण्याआधी घरच्यांनी तो रिकाम्या हॉलमध्ये बघायचा आणि माझ्यावर खडूने एकच ओळ लिहायची. "रुमाल आणा." "मध्यंतरानंतर झोप येते." लोक आधी मला वाचत, मग रांगेत उभे राहत. "फळा म्हणतोय ना? मग झालं!" हे ऐकून माझी छाती फुगायची. (फळ्यालाही छाती असते, वाद घालू नका.)

आजोबा गेले, खडू ठिणगीच्या हाती आला. लोक फोनमध्ये बघून ठरवू लागले आणि माझ्यावर धूळ साचली. तेवढ्यात तो अंतराळातला भयपट आला. यानात काहीतरी शिरतं आणि मेलेल्या माणसांच्या आवाजात "दार उघड" म्हणतं. शेवटपर्यंत ते दिसतच नाही! ठिणगीने लिहिलं, "एकटे येऊ नका." लोक घोळक्याने आले.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. त्यात ते ‘काहीतरी’ दहाव्या मिनिटालाच दिसतं. आठ पाय, हिरवी लाळ, वर त्याचं दुःखी बालपणसुद्धा!

"भीती गेली तेल लावत, मला त्याची कीवच आली," ठिणगी म्हणाली.

प्रोजेक्टर चालवणारे तिचे बाबा हसले नाहीत. "हा चालला नाही तर मालक टाळं लावणार. ‘जरूर पाहा’ असं लिही."

"पण बाबा..."

"एका ओळीने काय आभाळ कोसळणारे, बाळा?" तिकीटखिडकीतून आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

ठिणगीने लिहिलं. लिहिताना खडू दोनदा मोडला.

लोक आले आणि मध्यंतरातच निघाले. आजोबांच्या वेळेपासून येणारे पोस्टमनकाका माझ्यासमोर थांबले. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "आता विचारायचं कुणाला?" एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रिणींनी ठिणगीला गाठलं, "तुमचा फळा खोटारडा! हिंमत असेल तर त्यालाच विचार."

म्हणून तो प्रश्न. विचारताना ती हसत होती. मग माझ्यावरचं स्वतःचंच अक्षर तिला दिसलं आणि हसू विरलं.

मित्रांनो, रंग उडाला तर नवा डबा मिळतो, लाकूड किडलं तर सुतार आहे. गेलेला शब्द कुठल्या दुकानात मागायचा? तो जपा. टाळं आता लागणारच. मी कुठल्या अडगळीत पडेन, कोण जाणे!

ठिणगीने मला बाहीने पुसलं. लिहिलं, "परवा मी इथे खोटं लिहिलं. हा भाग पाहू नका." मग आत वळून हाक मारली. आई-बाबा दोघंही दारात आले आणि त्यांनी ती ओळ वाचली.

"आई, बाबा, हे मी पुसणार नाही," ती म्हणाली. "टाळं लागलं तरी."