तळपायांना कळतं

आपल्या सुनेनं, चिगुसानं गिअरच्या गाडीचं लायसन काढलं, हे किसाकुला कळलं ते सफरचंदांच्या ऐन तोडणीत. घरात एकच वाहन, छोटा पांढरा ट्रक. आणि गेली वीस वर्षं त्याच्या गिअरला किसाकु आणि त्याच्या मुलाशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

"गिअर कधी बदलायचा ते इंजिन ओरडून सांगतं," तो बायकोजवळ, उमेयोजवळ कुरकुरला. "सूनबाईला ऐकूच येत नाही, तिला कोण सांगणार?"

चिगुसा सातव्या वर्षी तापात बहिरी झाली होती. बोलताना तिचे शब्द जरा जाड यायचे, पण समोरच्याचे ओठ ती छापील अक्षरांसारखे वाचायची. सासऱ्याची कुरकुर तिनं अंगणापलीकडून वाचली.

"बाबा, एकदा कान बंद करून चालवून बघा ना."

"बघतो की! त्यात काय एवढं!"

किसाकुनं कानात कापूस कोंबला, वर गवत कापताना घालायची कानझाकणं चढवली आणि बागेतल्या चढाच्या वाटेवर ट्रक काढला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किती ताणलंय ते कळेना. घाबरून दुसरा टाकला, लगेच तिसरा. चढावर ट्रकनं दोन उचक्या दिल्या आणि जागीच बंद पडला. उमेयो हसून हसून क्रेटवर बसली. ते काही किसाकुला ऐकू आलं नाही, पण दिसलं मात्र चांगलंच.

"सरका," चिगुसानं खूण केली. जाड बूट काढून तिनं पातळ तळव्यांचे जोडे घातले, मागे भरलेले क्रेट बांधले आणि सासऱ्याच्या हाताचा तळवा काचेखालच्या फळीवर टेकवला. मग त्याच्या एका कानावरचं झाकण उचलून, कापूस काढून ती म्हणाली,

"थरथर बारीक आणि घाईची झाली की वरचा गिअर. जड झाली, धक्के द्यायला लागली, की खालचा. मला तळपायांत कळतं. तुम्ही हातानं बघा."

गंमत म्हणून किसाकुनं कान पुन्हा बंद केले. देवळाच्या वळणाशी चढ वाढतो. तिथं हाताखालची थरथर जडावली. 'दुसरा!' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर दुसरा पडलाही होता. मागे एकही सफरचंद गडगडलं नाही. पुढे उतार लागायच्या आधीच तिनं वेग कमी करून खालचा गिअर घेतला. हे त्यानं मुलाला शंभरदा शिकवलं होतं. मुलगा आजही उतारभर ब्रेक दाबत येतो.

खाली, जिथं सफरचंदं घालायची त्या सहकारी संस्थेच्या फाटकाशी शेजारचा बागवाला तोकुजी उभा होता. किसाकुनं कानझाकणं आणि कापूस काढला.

"काय किसाकुसान, आज शेजारच्या सीटवर? लायसन काढून घेतलं की काय पोलिसांनी?"

"सून आहे माझी!" किसाकु एवढ्या मोठ्यानं म्हणाला की माल उतरवणारे वळून बघायला लागले. "देवळाच्या चढावर गिअर बदलला, तर पोटातलं पाणी हललं नाही. तुझ्या पोराला जमेल का?"

"माझा पोरगा ऑटोमॅटिक चालवतो."

"तेच तर म्हणतोय मी!"

चिगुसानं हे सगळं ओठांवरून वाचलं. पावतीवर सही करताना तिनं मान खाली घातली, पण गालांवरचं हसू काही तिला आवरेना.

त्या हंगामातल्या साऱ्या खेपा तिनंच केल्या. किसाकु दर वेळी शेजारी बसून जायचा. तिथं त्याला काम असं काही नव्हतं. पण खाली पोचल्यावर चार लोकांना सांगायला कुणीतरी हवंच ना!