अक्कासाठी उतरवलेलं वजन

शाहूपुरीतला गूळव्यापारी गुरुसिद्ध अंगानं अवाढव्य होता. २००३ साली त्याच्या थोरल्या विधवा बहिणीच्या, चन्नम्माअक्काच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. त्याचं रक्त जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, "एवढ्या वजनावर तुमची किडनी काढता येणार नाही. आधी वजन उतरवा."

तो रोज पहाटे रंकाळा तलावाभोवती चालू लागला. भात, तूप, गोड सगळं सोडलं. गुडघे सुजले, भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी यायची. डायलिसिसला पडलेली अक्का धाकट्या भावाला कानडीतून हाक मारून म्हणायची, "तम्मा, माझ्यापायी जिवाचे हाल करू नगंस."

"गप बस की, अक्का. थोडंच ऱ्हायलंय."

दीड वर्षानं डॉक्टरांनी होकार दिला, पण ऑपरेशनच्या आधीच अक्का गेली.

लिंगायत रीतीनं झालेल्या दफनाच्या वेळी गुरुसिद्ध कुणाचा हात न धरता खड्ड्यात उतरला आणि त्यानं तिला मांडी घालून बसवलं. वर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "पावणं, किती हलकं झालासा!" तेव्हा त्याला रडू फुटलं.

त्यानं चालणं सोडलं. महिन्याभरानं अक्काची एकुलती लेक शिवांजली दारात आली.

"मामा, चालायला जाणार न्हाईसा व्हय?"

"आता कुणासाठी?"

"मला तरी दुसरं कोण हाय?"

गुरुसिद्ध उठला. त्यानं बूट चढवले.