बंदरावर संडास होयो

तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा सुगराने ओढणी मागे सारली आणि ती शर्मिष्ठाकडे वळली. सुगरा वीस वर्षं बंदरावर मासे विकत होती. शर्मिष्ठा कुडाळच्या एका महिला संस्थेतली. तिच्या लॅपटॉपवर सात देशांतल्या बायका दिसत होत्या. स्त्रीहक्कांची जागतिक परिषद चालली होती, सुगराच्या पडवीत.

"त्या विचारतायत, मुस्लिम स्त्री म्हणून घरात तुम्हाला कसला त्रास होतो?"

"घोव बरो आसा. सकाळची चाय तोच करता. मी दोनदा सांगलंय, बंदरावर संडास नाय. पाच वाजल्यापासून दुपारपर्यंत चाळीस बायका पाण्याचो घोट घेनत नाय. तां सांग."

"सांगितलं. पण आजचा विषय 'आवाज आणि अस्मिता' आहे. संडास मार्चच्या सत्रात घेऊ म्हणतात."

"म्हणजे मार्चापर्यंत धरून ऱ्हवाचां?"

शर्मिष्ठाला हे भाषांतर करवेना. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातली सेनेगलची बाई मध्येच बोलू लागली. तीही मासेवालीच. तिचं बोलणं फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून पडवीत पोचायला बराच वेळ गेला.

"ती विचारतेय, मग तुम्ही जाता कुठे?"

"होड्यांच्या आड. काळोख आसा तवसर."

"तीही तिथेच जायची म्हणते."

सुगरा पहिल्यांदाच पुढे सरकून बसली. "मगे काय केल्यानी?"

"एक दिवस कोणी मासळी उचलली नाही. लिलाव बंद पाडला."

एवढ्यात अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि सगळ्यांचे आभार मानले.

पुढच्या मंगळवारी चाळीस जणी माशांच्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. मासळी होड्यांतच राहिली, आणि दहाच्या आत होडीवाले ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन ओरडू लागले. दोन महिन्यांत संडास उभा राहिला. संस्थेची माणसं येऊन भिंतीवर 'जागतिक परिषदेची फलश्रुती' असा फलक लावून, फोटो काढून गेली.

सुगराने आत जाऊन नळ फिरवला. कोरडा.

"पाण्याचं काम वेगळ्या खात्याकडे आहे," ग्रामसेवक म्हणाला. "अर्ज करा."

सुगराने बाहेर येऊन पाटी उपडी घातली. बाकीच्या जणी आपापल्या पाट्या घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्या दिवशी लिलाव झाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाइप आला.