तुझं तू बघ

धाकटीनं सुटकेस पलंगाखालून पुन्हा ओढली, उघडली, तिच्यात दोन स्वेटर टाकले, आणि पाणी उकळेपर्यंत ते काढून परत खुर्चीच्या पाठीवर टाकले. आई पडल्यापासून हा उद्योग रोज चालू होता. तिकिटांचं पान उघडायचं, तारीख निवडायची, पैसे भरायची वेळ आली की बंद करायचं. मग खिडकीशी जायचं. मग परत सुटकेस. खोली एवढीशी, तिच्यात येरझाऱ्या तरी किती घालणार?

घरात तिला धाकटीच म्हणत. वय चाळिशीला टेकलं, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी धाकटी ती धाकटीच. हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि तिथे तिचा असा दरारा होता, की गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली भलीभली माणसं तिची चाहूल लागली की आपणहून पाय उचलायला लागत. घरी मात्र भाजी कुठली आणू हेसुद्धा ती ताईला विचारून ठरवायची. जन्मात एकच गोष्ट तिनं न विचारता केली. बिनपगारी रजा टाकली, विमानात बसली आणि फ्लॅमेंको हा स्पॅनिश नाच शिकायला परदेशात येऊन राहिली. तेही खरं तर विचारूनच केलं असतं, पण त्या दिवशी ताईचा फोन लागत नव्हता.

पहिलं सत्र संपत आलं आणि तिकडे आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आई घरी आली, आणि तेव्हापासून दोघी बहिणींचं रोज तेच संभाषण चाललं होतं.

"येऊ का गं मी?"

"तुझं तू बघ."

"म्हणजे येऊ?"

"मी कुठे ये म्हटलं? तिकडचंही बघायला हवं ना तुला."

"मग नको येऊ?"

"असंही नाही म्हटलं मी."

"माझी ज्युनियर आली होती ना, व्यायाम घ्यायला?"

"येऊन गेली की. सगळं ठीक आहे, तू नको जिवाला घोर लावून घेऊस."

आई बहुतेक वेळा झोपलेली असायची, नाहीतर तिला फोन धरायचा कंटाळा आलेला असायचा. फोन ठेवला की धाकटीचं तळ्यात-मळ्यात पुन्हा सुरू. ताई एकदाच काय ते स्वच्छ सांगेल तर तिचं काय जाणार आहे, असं तिला वाटायचं, आणि मग ताईचाच राग यायचा. ताईचा राग आला म्हणून पुन्हा स्वतःचा.

क्लास एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. लाकडी जमिनीला बुटांच्या खिळ्यांनी इतके टवके पडले होते की अनवाणी चालायची सोय नव्हती. या नाचात नाचणारा हा मालक असतो. गिटारवाला एकच चाल घोळवत राहतो, पुन्हा पुन्हा, आणि नाचणारीनं पाय आपटून त्याला हाक द्यायची असते. हाक म्हणजे टाचांचा एक कडक तडाखा. थांब, पुढचं मी सांगते, असा. ती आली की गिटार जागच्या जागी थांबते आणि नाच पुढे सरकतो. आली नाही, तर गिटारवाला आपला वाजवतोच आहे.

धाकटीचं पायकाम चांगलं होतं. बाईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षिकेनं, ते सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि बाई काही कौतुकाला सैल नव्हत्या. घोडं अडायचं ते हाकेपाशी. धाकटी अगदी आवेशात यायची, मग एक नजर गिटारवाल्याकडे टाकायची, आणि तिथेच तिच्या टाचा नरम पडायच्या. तुमचं झालं की सांगा हं, मी आहे इथेच, असं काहीतरी ते व्हायचं. तो तिच्यासाठी खोळंबायचा, ती त्याच्यासाठी. दारात दोन भिडस्त माणसं ‘आधी तुम्ही’ करत उभी राहावीत, तशातली गत.

"तू त्याला विचारतेस," बाई वैतागून म्हणायच्या. "विचारू नकोस. सांग."

"पण तो इतका रंगात आलेला असतो. मध्येच कसं तोडायचं?"

"तो तुझ्यासाठीच वाजवतोय, बाळ. तू थांबवलं नाहीस तर त्यानं घरी कधी जायचं?"

बाकीच्या मुली हसल्या. त्या सगळ्या तिच्यापेक्षा निम्म्या वयाच्या होत्या, आणि हाका अशा द्यायच्या की छापखान्याच्या काचा थरथराव्यात.

शुक्रवारी चाचणी होती. पुढच्या सत्राला कोण, हे तिथेच ठरायचं होतं. ज्याला घेणार नाहीत, त्यानं बॅग भरायची. शुक्रवारी सकाळी जिना चढताना धाकटीच्या मनात आलं, आपण नापास झालो तर बरंच होईल. गपगुमान घरी जाता येईल, आणि कुणालाच काही ठरवावं लागणार नाही. हा विचार इतका सोयीचा होता की तिची तिलाच लाज वाटली.

तिची पाळी शेवटून दुसरी आली. गिटार सुरू झाली. पहिला भाग झाला, हाकेची जागा आली आणि गेली. गिटारवाल्यानं चाल पुन्हा घोळवली. दुसऱ्यांदा जागा आली, धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं, टाचा पुन्हा नरम. बाईंनी हाताची घडी घातली.

तिसऱ्या फेरीला तिनं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिला त्याचं तोंड दिसलंच नाही. दिसलं ते मनगट. ते अंगठ्याच्या बाजूला सुजलं होतं आणि दर फटकाऱ्याला तो खांदा उचलून ते सांभाळून घेत होता. सकाळपासून तो या सगळ्यांसाठी वाजवत होता. पेशंट म्हणून हा माणूस तिच्यासमोर आला असता, तर ठेव ती गिटार आधी, म्हणून तिनं त्याला फैलावर घेतलं असतं. आणि आपण इथे भिडेपोटी त्याला फेऱ्यांमागून फेऱ्या मारायला लावतोय! तिला संताप आला, स्वतःचाच, हॉस्पिटलात यायचा तसा रोखठोक संताप. बस म्हणजे बस. तिच्या टाचा जमिनीवर कडाडल्या.

गिटार थांबली.

इतकी शांतता होईल असं तिला वाटलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, गिटारवालासुद्धा, आणि कुणीही तिला पुढे काय ते सांगणार नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि पुढचा भाग सुरू केला. गिटार मुकाट तिच्या मागून आली.

"इतके दिवस कुठे ठेवली होतीस ही?" बाई एवढंच म्हणाल्या आणि तिला पुढच्या सत्राला यायला सांगितलं.

अंगातलं बळ ओसरायच्या आत फोन करायला हवा होता. धाकटी नाचाच्या बुटांसकट जिन्यात जाऊन बसली आणि तिनं ताईला फोन लावला.

"ताई, मी येत नाहीये. कोर्स संपला की येईन. त्याआधी नाही."

पलीकडे ताईनं खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"ताई?"

"आहे," ताई म्हणाली. "मला राग आलाय तुझा. चांगलाच आलाय. पण सांगितलंस ते बरं केलंस. आता आईला काय सांगायचं ते तरी कळलं."

"म्हणजे?"

"अगं, ती अंथरुणातून उठलीच नाहीये अजून. तुझी ज्युनियर आली होती, तिला आईनं दारातून परत पाठवलं. माझी लेक याच कामाची आहे, ती आली की तिच्याकडूनच करून घेईन म्हणाली. रोज मला विचारते, धाकटी काही बोलली का यायचं. मी काय सांगणार? तू हो पण म्हणत नव्हतीस आणि नाही पण."

"मला बोलायचंस ना तसं!"

"बोलले असते म्हणजे ये म्हटल्यासारखंच झालं असतं. जन्मात एक हौस केलीस तू. ती मी मोडायची होय?"

खुब्याच्या पेशंटला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करतात. पेशंटला लोळवून ठेवणाऱ्या नातेवाइकांना तिनं आजवर किती झापलं असेल, त्याला गणती नव्हती. आणि तिची स्वतःची आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती, मांड्यांची चिपाडं करून घेत. ‘मग येऊ का?’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत आणखी आठवडा गेला असता, आणि आई तोही पडूनच काढणार होती. तिनं ते शब्द गिळले.

"आईकडे दे फोन."

"पडलीय गं ती, नंतर..."

"दे."

आईचा आवाज बारीक झाला होता. "निघालीस का गं?"

"नाही, आई. मी येत नाहीये. उद्या सकाळी माझी ज्युनियर येईल. तिला आत घ्यायचं, आणि ती म्हणेल तेव्हा उभं राहायचं. दुखेल. तरी राहायचं."

पलीकडे पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आई, ऐकू आलं का?"

"आलं," आई म्हणाली. "आधीच सांगितलं असतंस, तर एव्हाना दारापर्यंत चालत गेले असते मी."