‘परत’ लिहिलेली पेटी

मित्रांनो, तुम्ही या संग्रहालयात सहलीला येता, माझ्यासमोर दोन मिनिटे उभे राहता आणि मग शेजारच्या दालनातल्या रणगाड्याकडे धावता. मला राग नाही. रणगाडा मोठा आहे, आणि मी एक जुनी, निळी, पत्र्याची पेटी आहे. काचेच्या आत असते, त्यामुळे धूळ बसत नाही. मला बोलता येत नाही, पण तो दोष काचेचा नाही.

माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात ‘परत’ असे लिहिले आहे. खालच्या पाटीवर खुलासा आहे: ‘मायदेशी परत जाऊ, या आशेने एका निर्वासिताने लिहिलेला शब्द.’ पाटी वाचून शिक्षक डोळे पुसतात. त्यामुळे खरे सांगायला जरा संकोच वाटतो.

मी एका घरात कपडे सांभाळत होते. त्या घरच्या सहा वर्षांच्या मुलीने माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने मांजर कोरले. त्याला पाच पाय होते. पाचवा पाय नसून शेपूट आहे, हे तिने मार खाता खाता सांगितले.

पुढे माझा कोयंडा तुटला. दोन वेण्यांच्या त्या मुलीला बरोबर घेऊन तिच्या आईने मला रिकामे करून कुलूपवाल्याकडे दुरुस्तीला टाकले. काम झाले की तो वस्तूवर ‘परत’ लिहायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला परत द्यायची. गिऱ्हाईक आले की रॉकेलचा बोळा फिरवून शब्द पुसायचा. माझ्यावर त्याने शब्द लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी गावावर बाँब पडू लागले.

लोक मिळेल त्या वाटेने निघाले. कुलूपवाल्याने मला हातगाडीवर चढवले.

“अहो, आपलं सामान राहिलं आणि लोकांची पेटी कुठं घेऊन चाललात?” बायको ओरडली.

“गिऱ्हाइकाची आहे. काम झालंय, नेऊन द्यायची राहिलीय.”

“लढाई पेटलीय आणि तुम्ही पत्ते शोधत फिरणार?”

“मग काय, ठेवून घेऊ?”

बायकोने कपाळावर हात मारला आणि हाताला लागले ते कपडे माझ्यात कोंबले.

सरहद्दीपलीकडे आम्ही तीन छावण्या पाहिल्या. पाण्याच्या प्रत्येक रांगेत तो विचारायचा, “दोन वेण्यांची मुलगी आणि तिची आई पाहिलीत का?” रांगेत निम्म्या मुलींना दोन वेण्या होत्या. बायकोने माझ्यावरचा शब्द पुसायला घेतला, तर त्याने बोळा हिसकावून घेतला. माझ्या मालकांची वाट पाहतच तो वारला. छावणीत जन्मलेल्या त्याच्या मुलाने ‘वडिलांची पेटी’ म्हणून मला इथे दिले. बाकीचे पाटीने केले.

गेल्या आठवड्यात एक सहल आली. एका मुलीबरोबर तिची आजी होती. माझ्यासमोर येताच आजी थबकल्या आणि काचेला हात टेकून उभ्या राहिल्या.

“आजी, काचेला हात नको,” माहिती देणाऱ्या ताई म्हणाल्या.

“ही आमची पेटी. दुरुस्तीला दिली होती.”

“अशा पेट्या तेव्हा घरोघरी होत्या, आजी.”

“झाकण उघडा. आत पाच पायांचं मांजर आहे.”

मुले हसली. नातीने विचारले, “पाच कसे गं?”

“एक शेपूट आहे. तेव्हाही कुणी ऐकलं नाही.”

मित्रांनो, माझ्यात जेवढा पत्रा आहे तेवढा सगळा मी ताणला. कोयंडा हललासुद्धा नाही. कुलूपवाल्याचे काम पक्के होते.

“उघडायचं तर अर्ज करावा लागतो,” ताई म्हणाल्या. “सहा आठवडे लागतात.”

“मी ऐंशीची आहे, बाळ.”

“अर्जात वयाचा रकाना आहे,” ताई आपुलकीने म्हणाल्या.

बाहेर बस भोंगा वाजवू लागली. बाकावर बसून शाळेच्या बाई घाईघाईने मुलांनी भरलेले प्रश्नांचे कागद तपासत होत्या. ‘पेटीत काय होते?’ या प्रश्नाला सगळ्यांनी ‘आशा’ लिहिले होते. नातीने लिहिले होते ‘मांजर’. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. आजींनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि नातीचा हात धरून त्या गेल्या. दारापर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिले.

तेव्हा मित्रांनो, पुन्हा कधी आलात तर पाटी जरूर वाचा, पण शेजारी एखादी आजी बोलत असेल तर आधी तिचे ऐका. आणि झाकण उघडायला सांगा. माझे काम केव्हाच झाले आहे. मला नेऊन द्यायचे तेवढे राहिले आहे.