दोन शहरं आणि ह्यांचं कोपर

आमच्या ह्यांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवली. डोळे अधू झाले, गाडी सुटली आणि हे खिडकीशी बसले ते बसलेच. बाहेर पडायचं तर ह्यांचं कोपर माझ्या हातात. "तुला माझं ओझं झालंय," असं एकदा म्हणाले, तेव्हा मी चांगलं खडसावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दोन्ही मुली म्हणत होत्या, कायमचे आमच्याकडेच या. दोघींची घरं आपापल्या शहराच्या भर मध्यवस्तीत. म्हटलं, आधी दोन्हीकडे राहून बघू. माझं मन थोरलीकडे होतं. लिफ्ट, खालीच दवाखाना, आणि इमारती तर काय! मान मोडेस्तोवर वर बघावं. "ह्याला म्हणतात शहर!" मी म्हटलं.

ह्यांना घेऊन खाली उतरले. काचेच्या भिंतीला हात लावून हे चालू लागले, पण भिंत काही संपेना. दार नाही, दुकान नाही, माणूस औषधालाही नाही. ती संपली तर पार्किंगची भिंत सुरू. रस्ता एवढा रुंद, की आम्ही निम्म्यात असतानाच सिग्नल बदलला आणि पळता भुई थोडी झाली. घरी आल्यावर हे म्हणाले, "इमारती फार उंच आहेत ना गं? मला कळल्याच नाहीत."

धाकटीचं शहर पाहून मी नाक मुरडलं. चार मजल्यांहून उंच घर नाही, गल्ल्या ह्या एवढ्याशा.

"आई, बाबांना एकटं सोडून तर बघ," धाकटी म्हणाली.

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतःच चपला चाचपत दाराशी. "पाव घेऊन येतो," म्हणाले आणि निघालेसुद्धा. मी गुपचूप मागे.

कोपरा आला तसा ह्यांनी, गाडीतून दाखवतात तसा, वळायचा हात बाहेर काढला! पायी चालणारा माणूस! हसावं की धावावं, मला कळेना. तर मागचा सायकलवाला थांबला, त्याच्यामागची गाडीही थांबली. हे ऐटीत वळले. तिथे दर चार पावलांवर एक दार. न्हाव्याची कात्री, चांभाराची हातोडी, भट्टीची ऊब. हे कान देत, वास घेत पुढे. "आजोबा, पायरी आहे हं," फुलवाली म्हणाली. ह्यांनी तिला काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसली. त्या बुटक्या गल्लीने माझ्या नवऱ्याचा हात धरला होता. रस्ता असंही काही करू शकतो, हे इतकं वय होऊन मला ठाऊकच नव्हतं.

मी बघतच राहिले आणि हे दिसेनासे झाले. घाबरून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, तर चक्क मीच वाट चुकले. विचारत विचारत घरी पोचले. हे खुर्चीत बसून पाव खात होते.

"कुठे होतीस?"

"हरवले होते."

"अगं, मग फोन करायचास. मी आलो असतो तुला घ्यायला."

मी थोरलीला फोन लावला. "आमचं ठरलं, धाकटीकडेच राहायचं," म्हटलं आणि ह्यांच्या पावाचा एक तुकडा मोडून घेतला.